झिजलेल्या नाण्याचा बट्टा

माणसाच्या नावाला बट्टा लागतो, घराण्याच्या लौकिकाला बट्टा लागतो, असे मराठीत सहज म्हटले जाते. हा शब्द मूळचा सराफकट्ट्यावरचा आहे. पेशवाईच्या काळात एकाच बाजारात अनेक टांकसाळींची नाणी एकाच वेळी चालत. रुपया परक्या टांकसाळीचा असला, वजनाला उतरत नसला किंवा हातोहाती फिरून झिजला असला, तर सराफ तो पुऱ्या किमतीला घेत नसे. काही रक्कम कापून घेई. ही कापलेली रक्कम म्हणजे बट्टा. ज्याला असा बट्टा लागत नसे, तो बंदा रुपया. सरकारी खजिन्यात भरणा येई तेव्हा नाणी पारखून घेण्याचे काम पोतदाराकडे असे. तो अधिकार केव्हाच गेला. पोतदार, सराफ, नाणावटी ही आडनावे मात्र आजही मराठी शाळांच्या हजेरीपटावर आढळतात.

आजीच्या पितळी डब्यात, देव्हाऱ्यातल्या तबकात किंवा जुन्या दस्तऐवजांच्या रुमालात एखादे काळपट, अक्षरे पुसलेले नाणे निघते, तेव्हा घरातले सर्वजण नकळत त्या पोतदाराच्या जागी बसतात. त्यांच्यापुढे दोन प्रश्न असतात: हे नाणे कोणते, आणि याची किंमत किती. बहुधा दुसरा प्रश्न आधी विचारला जातो आणि तेथेच चूक होते. ओळख पटल्याशिवाय किंमत ठरत नाही. आणि घाईघाईने किंमत काढण्याच्या नादात नाण्याबरोबर आलेली माहिती कायमची नाहीशी होते. नाण्याची झीज भरून काढता येत नाही, हे खरे. पण या माहितीचा नाश टाळणे सर्वस्वी घरच्या माणसांच्या हाती असते.

एग्मोरचा पत्ता

हे दोन प्रश्न समजून घेण्यास चेन्नईतील एग्मोर हे फार सोयीचे ठिकाण आहे. तमिळमध्ये या भागाला एळुंबूर म्हणतात. तंजावूर आणि कुंभकोणम या बाजूंनी येणाऱ्या गाड्या पिढ्यान्‌पिढ्या एग्मोरच्या स्थानकात येत आल्या. स्थानकाची आजची इमारत १९०८ साली वापरात आली. जवळच मद्रास इलाख्याची जुनी दप्तरे सांभाळणारे तमिळनाडू शासनाचे अभिलेखागार आहे, आणि थोड्या अंतरावर पँथिऑन रस्त्यावर सरकारी संग्रहालय. या संग्रहालयाचा आरंभ १८५१ साली दुसऱ्या जागी झाला. एडवर्ड बाल्फोर हे शल्यचिकित्सक त्याचे पहिले प्रमुख. १८५४ मध्ये संग्रह एग्मोरच्या पँथिऑनमध्ये, म्हणजे एकेकाळच्या सार्वजनिक समारंभांच्या वास्तूत, हलविण्यात आला.

१८८५ साली एडगर थर्स्टन संग्रहालयाचे अधीक्षक झाले. दक्षिणेतल्या जाती-जमातींवरील ग्रंथांमुळे त्यांचे नाव आज घेतले जाते; पण त्याआधी त्यांनी संग्रहालयातील नाण्यांच्या सूची करण्यास हात घातला होता. म्हैसूरच्या नाण्यांची सूची १८८८ मध्ये निघाली, आणि १८९० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने भारतीय द्वीपकल्पात पाडलेल्या नाण्यांचा इतिहास त्यांनी प्रसिद्ध केला. त्याच्या थोडे आधी, १८८६ मध्ये, सर वॉल्टर एलियट यांचा दक्षिण भारतीय नाण्यांवरचा ग्रंथ निघाला होता. तो सिद्ध झाला तेव्हा एलियट यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. दक्षिणेतील नाण्यांच्या अभ्यासाचा पाया अशा लोकांनी घातला. पुढे जमिनीत सापडलेले नाण्यांचे साठे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत संग्रहालयात येत राहिले आणि संग्रह वाढत गेला.

मराठी घराण्यांचा या भूमीशी संबंध जुना आहे. १६७७-७८ मध्ये शिवाजी महाराजांच्या कर्नाटक मोहिमेत जिंजी आणि वेलोर हे किल्ले स्वराज्यात आले. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी त्याआधीच तंजावूरला राज्य स्थापिले होते, आणि भोसल्यांचा हा वंश १८५५ पर्यंत तेथे नांदला. राजाराम महाराज जिंजीत होते त्या काळात, १६९० मध्ये, मराठ्यांनी कडलूरजवळचा तेगनापट्टणचा किल्ला इंग्रज कंपनीला विकला. तंजावूर-कुंभकोणमच्या मराठी कुटुंबांतील अनेक जण पुढे शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी मद्रासला आले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे येथे दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव हे कुंभकोणमला जन्मलेले आणि मद्रासला शिकलेले होते. रामेश्वरच्या यात्रेची वाटही याच मुलखातून जाते. यात्रेकरूंसाठी तंजावूरच्या राजांनी बांधलेल्या छत्रांपैकी ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र प्रसिद्ध आहे. सैनिक, कारकून, व्यापारी आणि यात्रेकरू ज्या वाटांनी गेले, त्याच वाटांनी त्यांच्या कनवटीचे नाणेही गेले.

त्यामुळे मद्रासच्या मराठी घरात निघालेले झिजके नाणे महाराष्ट्राचे असू शकते, तंजावूरचे असू शकते, विजयनगरचे असू शकते किंवा खुद्द मद्रासच्या टांकसाळीतले असू शकते. त्या टांकसाळीची आठवण शहराच्या एका जुन्या रस्त्याच्या नावात टिकून आहे. इंग्रजीत तो मिंट स्ट्रीट, तमिळमध्ये तंगसालै. मराठी कानाला त्यात ‘टांकसाळ’ ऐकू आल्याशिवाय राहत नाही.

लिपीने होणारी फसगत

झिजलेल्या नाण्यावर एखाददुसरे अक्षर शिल्लक असते आणि घरातले लोक त्या अक्षराच्या लिपीवरून निकाल देतात. नागरी अक्षर दिसले की नाणे मराठ्यांचे, फारसी वळण दिसले की मोगलांचे. हे दोन्ही निकाल धोक्याचे आहेत.

विजयनगरच्या देवरायांची आणि कृष्णदेवरायांची नाणी नागरी लेखांची आहेत. ती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापूर्वी दीडशे-अडीचशे वर्षे पाडली गेली. दक्षिणेत एखादे लहान तांब्याचे नाणे नागरी अक्षरांसह सापडले, तर त्याचा संबंध प्रथम विजयनगरशी जुळतो का, हे पाहावे लागते.

उलट, पेशवाईतल्या चांदीच्या रुपयांवर फारसी लेख आणि दिल्लीच्या बादशहाचे नाव असे. बाजारात रुपया चालायचा तर तो लोकांच्या ओळखीचा हवा, म्हणून जुना साचा कायम ठेवण्यात आला. टांकसाळ ओळखायची ती एखाद्या लहान चिन्हावरून. अंकुशाचे चिन्ह असलेला ‘अंकुशी’ रुपया हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. दक्षिणेत अर्काटच्या रुपयाची गोष्ट अशीच आहे. त्यावर बादशहा दुसरा आलमगीर याचे नाव आहे. पण कमळाचे चिन्ह असेल तर तो मद्रासच्या इंग्रजांचा आणि चंद्रकोर असेल तर पाँडिचेरीच्या फ्रेंचांचा. नाव दिल्लीचे, गाव अर्काटचे, टांकसाळ तिसऱ्याच धन्याची, आणि हे सगळे सांगणारी खूण तांदळाच्या दाण्याएवढी. झिजलेल्या नाण्यात ती खूण गेली असेल तर नाव वाचता येऊनही नाणे अनोळखीच राहते.

पुसले गेले की उमटलेच नव्हते?

महाराष्ट्रातल्या घरांत सर्वांत जास्त निघणारे जुने तांब्याचे नाणे म्हणजे शिवराई. तिच्या एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र पति’ अशी अक्षरे असतात. कडेने ठिपक्यांचे वर्तुळ असते. पूर्ण वजनाची शिवराई साधारण ११ ते १३ ग्रॅम भरते. १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेले हे नाणे महाराजांच्या पश्चातही पाडले जात राहिले. १८१८ मध्ये पेशवाई संपली तरी बाजारातून शिवराई गेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही ती चालत होती. नाव एकच असले तरी अक्षरांचे वळण, सोबतची चिन्हे आणि दोन ओळींमधल्या रेघा बदलत गेल्या. ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन समांतर रेघा असलेली ‘दुदांडी’ ही उत्तरकाळातली शिवराई.

समजा, एखाद्या घरातून पुढील वर्णनाचे नाणे निघाले: तांब्याचे, जाड, ओबडधोबड गोल, सुमारे २ सेंटिमीटर व्यासाचे, १०.८ ग्रॅम वजनाचे. एक बाजू जवळजवळ गुळगुळीत, दुसऱ्या बाजूस एका अक्षराचे शेपूट आणि खाली दोन आडव्या रेघा. याची ओळख पटविण्याची रीत शाळकरी मुलालाही समजण्यासारखी आहे.

प्रथम वजन. सराफाकडच्या काट्यावर ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत ते कळते. त्यानंतर धातू. नाणे दोऱ्याने टांगून आधी हवेत आणि मग पाण्यात पूर्ण बुडवून तोलले, की पाण्यात वजन किती घटते ते समजते. हवेतले वजन या घटीने भागले की धातूची घनता मिळते. शुद्ध तांब्यासाठी हा आकडा सुमारे ८.९, चांदीसाठी १०.५ आणि सोन्यासाठी १९.३ येतो. वरील नाणे तांब्याचे असेल तर पाण्यात ते सुमारे १.२ ग्रॅमने हलके भरेल. आर्किमिडीजचा सिद्धांत पाठ्यपुस्तकात शिकलेल्या विद्यार्थ्याला तो प्रत्यक्ष कामी येण्याची ही चांगली संधी आहे. सोन्याचा मुलामा दिलेले पितळ या एका परीक्षेत उघडे पडते आणि नाण्याला ओरखडाही येत नाही.

तिसरी पायरी उजेडाची. अंधाऱ्या खोलीत नाणे सपाट ठेवून एका बाजूने, जवळजवळ आडवा, उजेड टाकायचा आणि नाणे सावकाश फिरवायचे. समोरून पाहताना न दिसणारा उंचवटा अशा उजेडात सावलीमुळे उठून दिसतो. दिवसा नुसत्या डोळ्यांना जे ‘शेपूट’ वाटले ते ‘त्र’चे वळण ठरू शकते आणि दोन रेघा दुदांडीच्या.

येथेच एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा लागतो. जे अक्षर दिसत नाही ते नेहमी झिजलेलेच असते असे नाही. त्या काळी तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवून वरच्या ठशावर घण मारला जाई. चकती बहुधा ठशाहून लहान असे आणि नेमकी मध्यभागी बसतेच असे नाही. म्हणून लेखाचा काही भाग चकतीबाहेर पडे. घाव एका अंगाला हलका बसला तर त्या अंगाची अक्षरे फिकी उमटत. अशा नाण्यावर ‘श्री’ कधी उमटलाच नव्हता, तर तो पुसला गेला असे म्हणणे चूक. खूण सोपी आहे. झीज उंच भागावर आधी होते आणि कडाही गोलावते. एका जागी अक्षर सपाट पण शेजारचे टोकदार, आणि कड धारदार असेल, तर दोष ठशाचा किंवा घावाचा, वापराचा नव्हे. पूर्वीच्या पोतदारालाही हा भेद करावा लागत असे, कारण नीट न उमटलेल्या पण वजनाला पुऱ्या नाण्याला झिजल्याचा बट्टा लावणे अन्यायाचे ठरले असते.

या तिन्ही परीक्षांनंतर समोरच्या नाण्याबद्दल एवढे म्हणता येते: हे तांब्याचे, हाताने पाडलेले, शिवराईच्या जातीचे आणि बहुधा दुदांडी आहे, म्हणजे थोरल्या महाराजांच्या हयातीतले नव्हे. पुष्कळ घरांत हा निष्कर्ष ऐकून थोडी निराशा होते. ‘महाराजांच्या हातचे नाणे’ ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली समजूत सोडणे जड जाते. पण महाराजांच्या पश्चात शतकभराहून अधिक काळ, सत्ता बदलत असताना, साध्या बाजारहाटाच्या तांब्याच्या तुकड्यावर त्यांचेच नाव राहिले, ही त्या समजुतीपेक्षा मोठी आणि खरी गोष्ट आहे. झिजलेल्या दुदांडीच्या तोंडून तीच ऐकू येते.

समुद्रात बुडालेला खुर्दा

तुलनेसाठी मद्रासचेच एक नाणे घेता येईल. कंपनीच्या काळात मद्रासचा हिशेब कासु, पणम आणि होन यांत चाले. इंग्रज त्यांना कॅश, फॅनम आणि पगोडा म्हणत. ८० कॅशचा एक फॅनम आणि ४२ फॅनमचा एक पगोडा. या खुर्द्याची टंचाई भागविण्यासाठी कंपनीने इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीतून, वाफेच्या यंत्रावर, १८०३ आणि १८०८ या सालांची तांब्याची नाणी पाडवून घेतली. वीस कॅशच्या नाण्यावर एका बाजूस कंपनीचे मानचिन्ह आणि साल. दुसऱ्या बाजूस वीस कॅश म्हणजे चार फलूस, अशा अर्थाचा फारसी लेख. वजन सुमारे ९.३ ग्रॅम, म्हणजे झिजलेल्या शिवराईच्या जवळपास; पण व्यास सुमारे ३ सेंटिमीटर, जाडी सर्वत्र सारखी आणि गोलाई रेखीव. दोन्ही नाणी पूर्ण गुळगुळीत झाली तरी बोटांना फरक कळतो. हाताने पाडलेले जाड आणि वेडेवाकडे. यंत्रातले पातळ आणि नेमके.

१८०८ च्या नाण्यांची एक खेप ‘अ‍ॅडमिरल गार्डनर’ या जहाजातून मद्रासकडे निघाली होती. जानेवारी १८०९ मध्ये हे जहाज इंग्लंडच्याच किनाऱ्याजवळ, गुडविन सँड्स या वाळूच्या पट्ट्यावर, वादळात सापडून फुटले. पिंपांत भरलेली नाणी पावणेदोनशे वर्षे तळाशी पडून राहिली. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात ती मोठ्या संख्येने वर काढण्यात आली. त्यांतली कित्येक नाणी आजही टांकसाळीतून नुकतीच निघाल्यासारखी स्पष्ट आहेत. संग्राहक ती आवडीने घेतात आणि तशा नाण्याला मद्रासच्या बाजारात झिजलेल्या त्याच सालच्या नाण्यापेक्षा जास्त पैसे पडतात.

बाजाराच्या दृष्टीने हे रास्तच आहे. अक्षर जितके स्पष्ट तितकी मागणी जास्त. पण ज्या शहरासाठी हे नाणे पाडले, ते त्याने कधी पाहिले नाही. त्याने कोणाचे विड्याचे पान घेतले नाही, कोणाची मजुरी चुकती केली नाही. ही सगळी कामे झिजलेल्या नाण्याने केली, आणि त्या कामांचाच हिशेब त्याच्या पाठीवर आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला दोन्ही हवीत: पहिले टांकसाळीची माहिती देते, दुसरे बाजाराची.

किंमत आणि मोल

झिजलेल्या नाण्याची बाजारभावाने किंमत चार गोष्टींवर ठरते: धातू, दुर्मिळता, स्थिती आणि मागणी. वयाचा त्यात वाटतो तितका वाटा नसतो. लाखोंनी पाडलेले दोनशे वर्षांपूर्वीचे नाणे स्वस्त असू शकते आणि थोडकेच पाडलेले शंभर वर्षांचे नाणे महाग. सामान्य प्रकारची झिजकी शिवराई आजही काहीशे रुपयांत मिळते, कारण ती विपुल आहे. शिवाजी महाराजांच्या नावाचा सोन्याचा होन मात्र अत्यंत दुर्मिळ. त्याच्या हाताच्या बोटांवर मोजण्याजोग्या अस्सल प्रती ज्ञात आहेत, आणि म्हणूनच त्याच्या नकला जत्रेपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत सर्वत्र विकल्या जातात.

फसवणुकीचा दुसरा प्रकार धर्मभावनेवर चालतो. एका बाजूस राम, सीता, मारुती आणि दुसऱ्या बाजूस इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, शिवाय १६१६, १७१७ किंवा १८१८ असे साल मिरविणारी ‘नाणी’ अनेक घरांत श्रद्धेने ठेवलेली असतात. अशी नाणी कंपनीने कधीच पाडली नाहीत; ती नंतरची बनावट आहेत. ‘हे नाणे तांदूळ ओढून घेते, परदेशात याला कोटींची किंमत आहे’ असे सांगून लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्या तमिळनाडूसह अनेक राज्यांत पकडल्या गेल्या आहेत. तांबे किंवा सोने चुंबकाला दाद देत नाही, आणि तांदूळ कोणत्याच नाण्याकडे धावत नाही, इतके शालेय विज्ञान लक्षात ठेवले तरी घरची पुंजी वाचते.

कायद्याची बाजूही माहीत असलेली बरी. जमिनीत किंवा भिंतीत दडवलेले धन सापडले आणि त्याचे मोल दहा रुपयांहून अधिक असले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. एग्मोरच्या संग्रहालयात आलेले कित्येक साठे याच मार्गाने आले. वारशाने हातोहाती आलेले नाणे या व्याख्येत बसत नाही, ते घरात ठेवण्यास आडकाठी नाही. मात्र शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, आणि खाजगी व्यक्तीला ते परदेशी पाठविता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांना आठवण म्हणून जुने नाणे देऊ पाहणाऱ्या आईवडिलांनी हे ध्यानात ठेवावे.

भक्तीची झीज

घरच्या नाण्यावर झिजेचे दोन थर असतात. पहिला बाजाराचा: हात, थैली, गल्ला, इतर नाण्यांचे घर्षण. तो उंच भागांवर दिसतो. दुसरा थर नाणे चलनातून गेल्यानंतरचा. देव्हाऱ्यात ठेवलेले नाणे लक्ष्मीपूजनाला आणि सणावाराला चिंच, लिंबू किंवा राख लावून घासले जाते. हल्ली तयार भुकटीही वापरतात. आम्ल उंचवट्याबरोबर खोलगट भागही खाते. म्हणून अशा नाण्याचा पृष्ठभाग सर्वत्र मऊ, गुलाबी आणि बारीक खड्ड्यांचा दिसतो. शंभर वर्षे बाजारात फिरून जे अक्षर तगले, ते पन्नास दिवाळ्यांत जाते. यात कोणाचा दोष नाही. घासणारे हात भक्तीचे होते आणि तांब्याचे भांडे लख्ख ठेवणे हा घरचा संस्कारच होता. पण नाणे हे भांडे नव्हे. त्याच्यावरचा तपकिरी किंवा काळसर थर ही घाण नसून धातूचे कवच आहे. तो काढला की बाजारातली किंमत उतरते आणि वाचता येण्याजोगे थोडेसेही संपते. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकावी, कागदी पाकिटात कोरड्या जागी ठेवावे, आणि हिरवी भुकटी सुटू लागली तर स्वतः उपाय न करता संग्रहालयातील जाणकारांना दाखवावे. पूजेला हवेच असेल तर त्यावर फूल वाहावे, चिंच नको.

नाण्याला पाडलेले भोक किंवा कडी लावल्याची खूण हाही इतिहासच असतो. चलनातून निघून ते कोणाच्या तरी गळ्यात गेले, असे ती सांगते. अशी खूण बुजविण्याचा मोह टाळावा.

चिठ्ठी

संग्रहालयात येणाऱ्या नाण्याबरोबर ते कोठे आणि कसे मिळाले याची नोंद केली जाते. नोंद नसलेले उत्तम नाणे आणि नोंद असलेले झिजके नाणे यांत अभ्यासकाला अनेकदा दुसरे अधिक उपयोगी पडते. तंजावूरच्या मराठी घरातून निघालेली शिवराई ही त्या घराच्या स्थलांतराची खूण असू शकते, किंवा रामेश्वरच्या यात्रेहून परतलेल्या एखाद्या पाहुण्याने दिलेली भेटही. नाणे स्वतः यांपैकी काहीच सांगत नाही. ते सांगणारी पिढी घरात असते तोवरच उत्तर मिळते.

म्हणून नाण्यासोबत एक चिठ्ठी ठेवावी. तिच्यावर वजन, व्यास, आडव्या उजेडात दिसलेली अक्षरे आणि चिन्हे लिहावीत. मग नाणे कोणाकडून कोणाकडे आले ते नावानिशी आणि गावानिशी लिहावे. ‘आजी सांगत असे’ आणि ‘कागदावर आढळले’ या दोन गोष्टी वेगळ्या ओळींत असाव्यात. आजीचे सांगणे त्यामुळे कमी ठरत नाही, फक्त ते कोणाचे सांगणे हे पुढच्याला कळते. घरात मोडी कागद असतील तर तेही नाण्याबरोबर जपावेत. महाराष्ट्रात पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था आणि नाशिकजवळच्या अंजनेरीचे नाणकशास्त्र संशोधन केंद्र, चेन्नईत एग्मोरचे संग्रहालय आणि अभिलेखागार, अशी ठिकाणे पुढच्या शोधासाठी आहेत.

जुना पोतदार नाणे हाती घेई तेव्हा झिजेचा बट्टा कापून उरलेली किंमत सांगे आणि नाणे पुढे चलनात जाई. वारशाने आलेल्या नाण्याचा प्रवास तेथे थांबलेला असतो. ते आता कोठेही खर्च व्हायचे नसते. त्याला बसू शकणारा शेवटचा बट्टा म्हणजे ते कोणाचे होते हे घरात कोणालाच ठाऊक नसणे, आणि तो टाळायला वीतभर कागद व घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत घालविलेली एक संध्याकाळ पुरेशी आहे.